दादाचा फोटो काढ

८ जानेवारी

बारके,

सोबत फाइल जोडली आहे. उघडण्याआधी पाणी पिऊन घे. आठवडाभर वाचनालयातलं काम सांभाळून मी हिच्यापुढे बसले आणि आता हात टेकलेत. एका पानावर फोटो नीट बसवला की दुसऱ्या पानावरचा उडी मारून तिसऱ्यावर जातो. मधे एक साधी ओळ वाढवली, तर सायकलवाल्याची पाटी थेट दवाखान्याच्या पाटीवर जाऊन बसली. आता तिथे 'सुटे भाग व बालरोगतज्ज्ञ' असं वाचता येतं. आप्पांना सांगितलं तर ते बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले.

पुस्तकाची कल्पना तुझी, त्यामुळे निस्तरणंही तुझ्याकडेच. पण कल्पना चांगली आहे हे कबूल करते. आप्पांनी उभा जन्म पाट्या रंगवल्या आणि आता त्या एकेक करून उतरताहेत. गेल्या महिन्यात चपलांच्या दुकानावरची उतरली. त्या दुकानदाराने निदान फोन तरी केला, 'पेंटरसाहेब, न्यायची असेल तर घेऊन जा' म्हणून. मी जाऊन आणली. पलंगाखाली ठेवली आहे, कारण दुसरीकडे जागाच नाही.

तू फोन करत जाऊ नकोस, मेलच कर. घर दोन खोल्यांचं, आणि आप्पांचे कान अजून तल्लख आहेत. डोळ्यांचं मात्र कठीण झालंय. भिंग घेतल्याशिवाय काही वाचता येत नाही. पुस्तक लवकर होऊ दे, एवढंच सांगायचं होतं.

तुझी
ताई


११ जानेवारी

ताई,

पाणी प्यायले. तरी ठसका लागला.

अगं, तू प्रत्येक फोटो ओळीत टाकला आहेस, एखाद्या अक्षरासारखा. मग अक्षर सरकलं की तोही सरकणार. तो मोकळा करून पानावर एका जागी खिळवून ठेवायचा असतो. खालची नावं तर तू वेगळ्या चौकटीत लिहिलीस आणि फोटोशी बांधलीच नाहीस. म्हणून फोटो गेला एकीकडे आणि नाव राहिलं दुसरीकडे, आपल्या घरासारखं. आता तू कशालाही हात लावू नकोस. मी सगळं सुटं करते आणि पहिल्यापासून बसवते. आमच्या छापखान्यात दिवसभर मी दुसरं काय करते? लोकांच्या जाहिरातीतली नको असलेली माणसं, विजेच्या तारा, गाईगुरं पुसते आणि पाहिजे ते तिथे आणून ठेवते. आप्पांची पानं लावायला मिळताहेत याचं मला किती बरं वाटतंय, ते तुला सांगूनही कळायचं नाही.

एक विचारायचं होतं. तीन फोटोंत दादा आहे. एकात आप्पा शिडीवर चढून औषधांच्या दुकानाचं नाव लिहिताहेत आणि खाली दादा शिडी धरून उभा आहे. सतराएक वर्षांचा असेल. तोंड वर करून आप्पांकडे बघतोय. खाली त्याचं नाव घालायचं का? आप्पांना विचारून सांग. मला त्यांच्यापुढे त्याचा विषय काढायची भीती वाटते.

बारकी


१९ जानेवारी

बारके,

विचारलं. म्हणजे मी विचारायच्या आधी तेच बोलले.

काल दुपारी ते बराच वेळ भिंग हातात घेऊन नुसते बसले होते. मग एकदम म्हणाले, "बारकीला सांग, दादाचा फोटो काढ म्हणावं."

मी म्हटलं, "नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय? लवकर काढ म्हणावं."

झालं. खरं सांगू, मला वाईटही वाटलं नाही. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. दादाने फ्लेक्सचं मशीन घेतलं ते आप्पांनी गिळलं होतं. गिऱ्हाइकं बापाकडून लेकाकडे गेली तेही गिळलं. पण त्यांच्याच दुकानावरची त्यांनी हाताने रंगवलेली पाटी उतरवून, त्यांना आनंद होईल म्हणून त्या जागी चकचकीत फ्लेक्स लावला, ते त्यांना गिळता आलं नाही. 'आप्पा, बघा तरी, किती झळकतोय' असं तो म्हणत होता. आप्पांनी तो फ्लेक्स ओढून फाडला आणि दुकान बंद केलं, ते कायमचं. पुढे दादा मशीन घेऊन तुझ्या शहरात आला. आईच्या आजारपणात पैसे पाठवत होता, पण या घरात पाऊल टाकलं ते थेट ती गेल्यावर, आणि तेही चार माणसांसारखं बाहेरच्या खुर्चीवर बसून निघून गेला. ते मी विसरलेले नाही.

तेव्हा काढून टाक. पुस्तक आप्पांचं आहे.

ताई


३० जानेवारी

ताई,

केलं. मुद्दाम उशीर केला, म्हटलं आप्पांचं मन बदलेल. तुझं काही पत्र आलं नाही, तेव्हा केलं.

दोन फोटो सोपे होते, दादा कडेला होता. कड कापली की संपलं. शिडीचा फोटो जिवावर आला. त्याच्या मागची भिंत नव्हतीच ना कुठे, ती मला करावी लागली. शेजारच्या भिंतीचे तुकडे उचलून त्याच्या अंगावर ठेवत गेले. आधी पाय, मग शर्ट. चेहरा शेवटी ठेवला होता. तो गेल्यावर शिडी अशी दिसायला लागली की आप्पा आता पडतात की काय. म्हणून दुसऱ्या फोटोतला एक दगड आणून पायथ्याशी टेकवून ठेवला. बघणाऱ्याला काही कळणार नाही. आमच्या साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी जागेवर येऊन रडले.

छपाईला दिलंय. कागद जाड घेतलाय आणि अक्षरं मोठी ठेवली आहेत.

बारकी


२२ फेब्रुवारी

बारके,

पुस्तकं पोचली त्याला बरेच दिवस झाले. मी लिहिलं नाही कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आजही कळत नाही, पण तुझ्यापासून लपवून चालणार नाही.

पुस्तक फार सुरेख झालंय. गल्लीतल्या लोकांनी डोक्यावर घेतलं. औषधवाल्याने काउंटरवर ठेवलंय आणि पाच-सहा प्रती बाहेरगावी नातेवाइकांना पाठवल्या. आप्पा रोज ते मांडीवर घेऊन बसायचे. भिंग एकदा इकडून, एकदा तिकडून. एकेक पान इतका वेळ, की मला वाटायचं माणूस सुखात आहे. मी आपली आनंदात.

परवा त्यांनी हाक मारली. "ताई, मला दादा दिसत नाहीये."

मला वाटलं, खात्री करून घेताहेत. म्हटलं, "नाहीच आहे आप्पा. बारकीने काढला."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "काढला? मग दाखव ना. कुठल्या पानावर आहे?"

"अहो, काढला म्हणजे काढून टाकला. तुम्हीच नाही का म्हणालात, दादाचा फोटो काढ?"

बारके, ते किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या कानाकडे. मग म्हणाले, "मी म्हटलं, बारकी त्याच्याच गावात असते. तिने जावं आणि त्याचा एक फोटो काढून पाठवावा. आत्ताचा. अजून थोडं दिसतंय तोवर बघून घेतला असता." आणि नंतर, "मला वाटलं, माझ्याच डोळ्यांचा दोष आहे. रोज वाटायचं, आज सापडेल."

इतके दिवस ते रोज त्याला शोधत होते. मी समोर बसून भाजी निवडत होते.

आता डोळ्यांचं. काल मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत पडद्याचा मधला भाग गेलाय. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं, फक्त कडेचं राहतं. म्हणून ते माझ्या कानाकडे बघतात, तेव्हा त्यांना माझा चेहरा थोडाफार दिसतो. मला वाटायचं, म्हातारपणी लक्ष लागत नाही. डॉक्टर म्हणाले, कडेचंही फार दिवस राहील असं नाही, आत रक्त उतरतंय.

मी म्हटलं, दादाला कळवते. तर आप्पांनी माझा हात धरला आणि आईची शपथ घातली. "डोळ्यांचं त्याला सांगायचं नाही. तूही नाही आणि बारकीनेही नाही. आंधळ्या बापाची कीव करून यायचा असेल तर नको. यायचं तर आपण होऊन यावं." तू ही शपथ मोडणार नाहीस असं मी त्यांना सांगितलंय.

बारके, त्या दिवशी मी 'नक्की ना' विचारलं, पण 'कुठला फोटो' हे विचारलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र छापखान्यात वाचलं आणि मग दिवसभर माझ्याकडून एक काम धड झालं नाही.

तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं. जमलं नाही, कारण मीही तुला उलटून विचारलं नाही. एवढ्याशा शब्दात आपण काय काय करतो बघ. कुणाचा फोटो काढतो म्हणजे त्याला ठेवून घेतो, आणि माणूस फोटोतून काढतो म्हणजे त्याला घालवून देतो. लहानपणी मी चित्रं काढायचे, तेव्हा आप्पा म्हणायचे, बारकी, चांगलं काढलंस. मी दिवसातून शंभरदा 'काढू का' विचारते आणि साहेब 'काढ' म्हणतात, त्यामुळे मला त्याचा दुसरा अर्थ आठवलाच नाही. आप्पांना तो एकच माहीत होता.

जुने फोटो जसेच्या तसे आहेत, तुझ्या मूळ प्रती मी जपून ठेवल्यात. दादाला पुन्हा शिडीपाशी उभा करायला मला पाच मिनिटं लागतील. पण आप्पांना तेव्हाचा नकोय ना? त्यांना आत्ताचा पाहिजे. मी रविवारी दादाकडे जाते. डोळ्यांचं सांगणार नाही. आईची शपथ घातल्यावर मी काय बोलणार, पण मला हे बरोबर वाटत नाही, एवढं लिहून ठेव.

बारकी


६ मार्च

ताई,

जाऊन आले.

दुकान चांगलं चाललंय. मशीनचा आवाज एवढा, की आम्ही दोघंही ओरडून बोलत होतो. दादा बारीक झालाय, डोक्यावर निम्मे केस पांढरे. मला बघून खूश झाला, चहा मागवला, आणि मी फोन पुढे केला. म्हटलं, "दादा, तुझा फोटो काढते."

तो हसला, पण नीट नाही. खणातून आपलं पुस्तक काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. औषधवाल्याने ज्या प्रती बाहेरगावी पाठवल्या त्यातली एक फिरत फिरत याच्याकडे आली. गिऱ्हाईकच घेऊन आलं होतं, तसलीच पाटी फ्लेक्सवर करून दे म्हणून.

"एकदा काढलंस ना?" म्हणाला. "काम छान केलंयस. मी रोज हेच करतो, तरी मला जोड सापडेना. फक्त दगडाची सावली उलटी पडली आहे."

मी सगळं सांगितलं. आप्पांना काय म्हणायचं होतं आणि आपण काय समजलो. त्याने मशीन बंद केलं. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्यांना मला बघायचं आहे?" हे त्याने तीनदा विचारलं, ताई. आपला दादा, जो कुणाला कधी दोनदा विचारत नाही.

फोटो काढू दिला नाही. म्हणाला, "फोटो कशाला? मीच जातो. बघू देत काय बघायचं ते."

पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला येतोय. आप्पांना सांग किंवा सांगू नकोस, तुला योग्य वाटेल तसं कर. डोळ्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. माझ्या जिभेवर आलं होतं.

बारकी


१६ मार्च

बारके,

दादा काल येऊन गेला. आप्पांनी त्याला पाहिलं.

मी आप्पांना सकाळी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, कारण तिथे उजेड बरा असतो. दादा आला तेव्हा दार मी उघडलं. दोघांना निवांत भेटू द्यावं म्हणून लगेच आत गेले आणि चहा ठेवला. मुद्दाम वेळ लावला. बाहेरून आवाज नव्हता. मला वाटलं, दोघं रडत असतील.

चहा घेऊन आले तर दादा चपला घालत होता. "काम आहे" म्हणाला. डोळे लाल होते. मी आग्रह केला नाही, म्हटलं, पहिल्याच दिवशी एवढं पुष्कळ झालं, भरून आलं असेल.

आप्पा मात्र अगदी समाधानात होते. म्हणाले, "बघितला. नीट बघितला. कानाजवळ पिकलाय. खांदे माझ्यासारखे उतरलेत." मी विचारलं, बोललात काय? तर म्हणाले, "बोलतो कसला? बोललं की मान हलते आणि तो निसटतो. श्वास धरून बसलो होतो. आधी घाईत सरळ त्याच्याकडे बघितलं, तर तो गेलाच. मग मान वळवली, भिंतीकडे बघत राहिलो, आणि हळूहळू आला सगळा." पुढच्या खेपेला बोलेन म्हणाले.

संध्याकाळी दोनदा विचारलं, पोचला असेल का म्हणून.

ताई


१७ मार्च

बारके,

तुझा राग नाही. तू चांगल्या मनाने सांगितलंस. पण पुन्हा मला जा म्हणू नकोस.

मी दारात उभा राहिलो. चांगला हसून म्हटलं, आप्पा, मी आलोय. त्यांनी माझ्याकडे एकदा सरळ बघितलं आणि तोंड फिरवलं. पार भिंतीकडे. मी तसाच उभा होतो. म्हटलं, आता बोलतील, निदान शिव्या तरी देतील. एक शब्द नाही. मान ताठ करून भिंतीकडे बघत बसले, मी खोलीत नसल्यासारखे. आईच्या फोटोपुढे तरी असं करायला नको होतं.

मला बघायचं होतं ना? मग बघायचं तरी.

ताईला काही सांगू नकोस. ती म्हातारपणाचं सगळं एकटी ओढते आहे. पैसे लागले तर कळव, ते मी पाठवत राहीन.

दादा


२० मार्च

दादा,

मी आईची शपथ मोडते आहे. तिला कळत असेल तर ती मला माफ करेल.

आप्पांना समोरचं दिसत नाही. डोळ्यांचा मधला भाग गेलाय. ज्याच्याकडे सरळ बघतात, तोच त्यांना दिसेनासा होतो. तोंड दुसरीकडे वळवलं तरच कडेने दिसतं. ते तुझ्यावरून नजर काढून घेत नव्हते, ते तुला बघत होते. बोलले नाहीत कारण मान हलली असती आणि तू गेला असतास. श्वास धरून बसले होते, ताईने सांगितलं. तुझे कानाजवळचे पांढरे केस त्यांनी पाहिले. तुझे खांदे त्यांच्यासारखे उतरलेत, हे त्यांनी तिला सांगितलं. हे तुला आधी सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, तू दयेपोटी येऊ नयेस म्हणून. मी ती पाळली. पाळायला नको होती.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ताईचा फोन आला. फोनवर बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं, पण आता तिला पर्वा नव्हती. सकाळी उठल्यावर आप्पांनी विचारलं, खिडकी का उघडली नाही. खिडकी उघडीच होती. डॉक्टर येऊन गेले. कडेचंही गेलं, आणि आता ते परत येणार नाही. म्हणजे त्यांनी शेवटचा चेहरा पाहिला तो तुझा, आणि ताईचा रोजचा.

ते रडले नाहीत. दिवसभर तुझ्याबद्दल बोलत होते. तू घालून आलास तो शर्ट कुठल्या रंगाचा, हे ताईला सांगता येईना, पण त्यांना बरोबर आठवत होता. फक्त एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा तिला विचारताहेत, आणि ती स्वयंपाकघरात होती म्हणून तिने मला विचारली. "तो हसत होता का गं? चेहऱ्याच्या मधलं नीट लागलं नाही मला."

तू लिहिलं आहेस की हसलास. पण ते आधी, दारात. त्यांनी मान वळवून तुला बघायला सुरुवात केली तेव्हा तू हसत नसशील, मला माहीत आहे. मी असते तर मीही हसले नसते.

मी ताईला सांगितलं, हो म्हणून सांग, शेवटपर्यंत हसत होता. ते ऐकून आप्पांना झोप लागली. आता तू लवकर ये, दादा, आणि त्यांनी विचारलं तर तूही तेच सांग.

बारकी